नातवाने वाचावे, आजीने उलगडावे



गेल्या महिन्यात घरभेटी करताना एका घरी आठ वर्षांचा मुलगा आजीजवळ बसून बायबल वाचताना दिसला. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी वाचताना जोडाक्षर आले की अडखळतो. आजीचे शिक्षण दुसरीपर्यंत, त्यात आता डोळ्यांना नीट दिसत नाही. मी घाईने त्याचा शब्द दुरुस्त करायला गेलो, तोच आजी म्हणाली, "थांबा फादर, त्याचा त्याला सापडू द्या."

हरवलेल्या नाण्याचा दाखला चालू होता (लूक १५:८-१०). दहा नाण्यांपैकी एक हरवते, तेव्हा ती स्त्री दिवा लावून, घर झाडून ते शोधते. मुलाने विचारले, "दिवा कशाला? रात्र होती का?" आजी म्हणाली, "अरे, गावाकडं आमच्या घराला खिडकी कुठं होती? शेणानं सारवलेली जमीन. पैसा भेगेत गेला की भर दुपारी दिवा लावायचा. आणि झाडताना कान द्यायचा, पैसा वाजतो."

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, या दाखल्यावर अनेकदा प्रवचन केले. पण त्या नाण्याचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. अक्षरे नातवाकडे होती आणि अर्थ आजीकडे. दोघांपैकी एकटा कोणी तो उतारा पूर्ण वाचू शकला नसता.

संत पौल तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो (२ तीमथ्य १:५). तीमथ्याचे वडील ग्रीक होते (प्रेषितांची कृत्ये १६:१). तरीही तो बालपणापासून पवित्र शास्त्र जाणत होता, असे पौल पुढे म्हणतो (३:१५). दोन संस्कृतींच्या त्या घरात आजीचा विश्वास नातवापर्यंत पोहोचला.

याची दुसरी बाजूही आपल्याच महाराष्ट्रात पाहायला मिळाली. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथील वृद्ध स्त्रियांना पोथी स्वतः वाचावी असे वाटत होते. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तेथे 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. घरी अभ्यासाला मदत करायला नातवंडे होती! म्हणजे शिकणे एकाच दिशेने होत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे नगर-संगमनेरकडील गावांतून नाशिकला आली. मुले शिकली, याचा आनंद आहे. पण मिस्सेत मराठी वाचन करायला मुले पुढे येत नाहीत, आणि घरात आजी-आजोबांशी बोलायला त्यांना विषय सुचत नाही. या दोन्ही तक्रारी आईवडील माझ्याकडे वेगवेगळ्या घेऊन येतात. मला वाटते, दोन्हींचे औषध एकच आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठी जुलैचा चौथा रविवार नेमून दिला. त्या दिवशी आपण त्यांना फूल देतो. त्यांना रोजची दहा मिनिटेही द्यावीत.

या आठवड्यात घरी एवढे करा:

१. येत्या रविवारचे शुभवर्तमान मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे. चूक झाली तरी लगेच टोकू नये.

२. आजी-आजोबांनी त्यातील एका गोष्टीवर आपली एक आठवण सांगावी. ते गावी असतील तर फोनवर वाचून दाखवावे.

३. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत, त्या मुलांनी शेजारच्या एखाद्या वृद्धाकडे जावे.

४. शेवटी सर्वांनी मिळून 'हे आमच्या बापा' म्हणावे.

विचारासाठी प्रश्न: आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आपण शेवटचा प्रश्न कधी विचारला, आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकले का?

प्रभू आपल्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू