मोटारीची शीतन-व्यवस्था आणि तिची घरगुती स्वच्छता

तंजावूर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शहर. बृहदीश्वराच्या मंदिराजवळून ग्रँड अनिकट कालवा वाहतो आणि शहराबाहेर पडताच भाताची खाचरे सुरू होतात. अशा ठिकाणी मोटारीच्या रेडिएटरमध्ये कोणते पाणी घालावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. नळाला अथवा कूपनलिकेला जे येईल ते ओतले जाते. शिवाय येथे पाणी कधी गोठत नसल्यामुळे कूलंट ही थंड देशांची गरज आहे, असाही समज आढळतो. या दोन समजुतींनी वर्षभर केलेली हानी मे महिन्यात उघडकीस येते. तमिळ लोक ज्यांना अग्निनक्षत्राचे दिवस म्हणतात, त्या काळात पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि तिरुचिरापल्लीच्या रस्त्यावर वाफा सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्या दिसू लागतात.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारणपणे एकतृतीयांश भाग शीतन-व्यवस्थेला बाहेर टाकावा लागतो. पंप हे पाणी इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात जाते. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार तापल्यावर वेगळे होतात आणि या नळ्यांच्या आतल्या बाजूस बसतात. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी जमणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शंभराहून अधिक पटींनी कमी वाहून नेतो. म्हणजे रेडिएटर पाण्याने काठोकाठ भरलेला असूनही इंजिन तापत राहते आणि चालकाला कारण उमगत नाही.

साचणारा गाळ नेहमी प्रवाह मंद असेल तेथे बसतो. तंजावूरच्या जुन्या जलव्यवस्थेला हा नियम चांगलाच परिचित आहे. शिवगंगा तलावाचे पाणी जमिनीखालील वाहिन्यांनी शहरातील इतर तळ्यांत नेले जात असे. उपसा थांबला तशा त्या वाहिन्या बुजत गेल्या. मोटारीत अशी मंद प्रवाहाची जागा म्हणजे रेडिएटरचा तळ आणि हीटरची नळी. या हवेत हीटर कोणीच लावीत नाही, त्यामुळे काही गाड्यांत त्या नळीतील पाणी वर्षानुवर्षे तेच राहते. सफाईच्या वेळी हीटरची कळ पूर्ण उष्णतेकडे फिरवून ठेवावी, ती यासाठी.

कामाला आरंभ करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. तापलेल्या इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नये. हे झाकण आतला दाब राखते. हवेच्या दाबाहून आणखी एक वातावरण दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. समजा आतले पाच लिटर पाणी ११० अंशांवर आहे. झाकण फिरवताच दाब जातो आणि त्यातील सुमारे १०० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते. ऐकायला हे अल्प वाटते. परंतु तेवढी वाफ सुमारे १६५ लिटर जागा व्यापते आणि उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन माणसाच्या चेहऱ्यावर येते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि काम सकाळी करावे. पंखा विजेवर चालणारा असल्यास इंजिन बंद असतानाही तो अकस्मात सुरू होऊ शकतो. जाळीजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी.

रेडिएटरखाली घमेले ठेवून तळाची तोटी उघडावी. तोटी नसल्यास खालची रबरी नळी सैल करावी. बाहेर येणारा द्रव नीट पाहावा. तांबूस असल्यास तो गंज होय. दुधाळ किंवा तेलकट असल्यास इंजिनाचे तेल पाण्यात मिसळत आहे आणि बहुधा गॅस्केट फुटले आहे. तो घरच्या सफाईचा विषय नव्हे. जुन्या कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड असल्याने गाई आणि कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात; माणसालाही ते तितकेच घातक आहे. ज्या शहरातील गटारांचे पाणी कालव्यांना आणि शेतांना मिळू शकते, तेथे हे घमेले रस्त्याच्या कडेला रिकामे करणे अक्षम्य होय. द्रव झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि तो स्वीकारणाऱ्या सेवा-केंद्राकडे द्यावा. पहिल्या धुण्याचे पाणीही याच डब्यात जावे.

यानंतर तोटी बंद करून स्वच्छ पाणी भरावे, तार जोडावी, झाकण लावावे आणि इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. वरची नळी एकाएकी गरम झाली म्हणजे पाणी सर्वत्र फिरू लागले असे समजावे. दहा मिनिटांनी इंजिन थांबवावे, पूर्ण निवू द्यावे, पाणी काढावे. पाणी निर्मळ येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. घाईने तापल्या इंजिनात थंड पाणी ओतणाऱ्यांनी सिलिंडरच्या डोक्याला तडे पाडून घेतले आहेत.

थर जुना असेल तर काय वापरावे, याविषयी जुन्या कारागिरांचा सल्ला जपूनच घ्यावा. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरसारख्या गाड्यांत लोखंडी इंजिन आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर असे. त्यात धुण्याचा सोडा खपून जाई. आजच्या गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि सोडा त्या धातूला खातो. अशा गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेले द्रावणच घ्यावे.

बाहेरील जाळीही विसरू नये. कापणीच्या दिवसांत येथे भात रस्त्यावर वाळत घालतात, आणि त्याचा कोंडा व काडी वाऱ्याबरोबर जाळीत अडकते. इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे पाण्याची हलकी धार सोडावी. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

अखेरीस उत्पादकाने सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून भरावे. तंजावूरमध्ये त्याचा गोठणरोधक गुण निरुपयोगी आहे हे खरे, पण त्यातील गंजरोधक द्रव्ये मात्र तेथेच अधिक आवश्यक आहेत. द्रव हळूहळू ओतावा, झाकण न लावता इंजिन काही मिनिटे मंद चालवून हवेचे बुडबुडे जाऊ द्यावेत, मगच झाकण घट्ट करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पातळी पुन्हा पाहावी. अडकलेली हवा निघून गेल्याने ती बोटभर खाली आलेली असते.