दाढ, कॅमेरा आणि मशीनचा हप्ता

१. पेशंटला स्वतःची दाढ दिसत नाही, ही दाताच्या डॉक्टरची खरी अडचण. पूर्वी मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून कीड कुठवर गेलीय ते समजावायचे. दाढ बहुधा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी यायची. एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली की माणसं सभ्यपणे मान हलवायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. फ्रान्समध्ये १९८७ च्या सुमारास आलेलं आरव्हीजी, म्हणजे दातांचा डिजिटल एक्स-रे, आमच्या कराडला उशिराच पोचलं, पाठोपाठ तोंडात घालायचा छोटा कॅमेरा. पडद्यावरची काळी दाढ बघून एक मावशी ओरडल्या, "अगं बाई, ही माझी? बंद करा ते!" आणि लगेच, "किती वेळा यावं लागेल?" माझं वक्तृत्व निकालात निघालं, याचं जरा वाईटच वाटलं.

२. जाहिरातीवर आमच्या आचारसंहितेचे निर्बंध आहेत. २०१४ मध्ये ती नव्याने आली. तरी रिक्षांच्या पाठीवर हसरे दात फिरतातच. आमच्याकडे नवा पेशंट आला की "कुणी पाठवलं?" विचारतो. उत्तर बहुतेक वेळा शेजारीण, व्याही, नाहीतर भिशीतली बाई. बोर्ड बघून आलो म्हणणारा भेटला की मीच दचकते.

३. व्हॉट्सॲपवर "सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक" असा शुद्ध मराठीतला मेसेज जायचा. कुणी अंगठा दाखवायचं, कुणी गुड मॉर्निंगचं फूल. दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची रिसेप्शनवरची मुलगी फोन करते, "काका, सूज कमी हाय का? गरम काय खाऊ नका." तिच्या या फोनची चर्चा गावभर होते. मी केलेल्या रूट कॅनालची होत नाही.

४. लोक दुखण्याला घाबरतात असं आम्हाला कॉलेजात वाटायचं. ते बिलाला जास्त घाबरतात. त्यातही वाढत जाणाऱ्या. रूट कॅनाल झाल्यावर "आता कॅप बसवा" म्हटलं की चेहरा पडतो. फसवलं गेल्याची भावना तिथेच येते. आता दोन्हींचा खर्च पहिल्याच दिवशी छापून हातात देते. काहीजण तो कागद घेऊन दुसऱ्या दवाखान्यात चौकशीला जातात. जावोत.

५. गुगलवर कुणीतरी लिहिलं, "डॉक्टर चांगल्या आहेत, पण फार बसवून ठेवतात." मनात झणझणीत उत्तर तयार होतं. पण अमुक माणूस आपला पेशंट आहे, हेसुद्धा चारचौघांत सांगायचं नसतं. गप्प बसले. पुढे काही नवे पेशंट घरून पुस्तक घेऊनच यायला लागले.

६. मशीन घेतलं की त्याचा हप्ताही खुर्चीशेजारी येऊन उभा राहतो, हे मशीन विकणारा सांगत नाही. डिजिटल स्कॅनर मला मनापासून आवडतो: मापासाठी तोंडभर पुट्टी नाही, उमासे नाहीत. पण किंमत लाखांत. सेल्समनने गणित मांडलं, महिन्याला इतक्या कॅप केल्या की पैसे वसूल. "एवढ्या कॅप लागणारी तोंडं आणायची कुठून?" तो हसला. मला मात्र साध्या फिलिंगने भागणारे दात आठवत होते. हप्ता डोक्यावर असता, तर त्यांच्याकडेही मी कॅपच्याच नजरेने पाहिलं असतं. स्कॅनर अजून घेतलेला नाही. पुढच्या महिन्यात सेल्समन पुन्हा डेमो द्यायला येतोय, आणि बघायला मी बसणार आहे.