पोलिसांच्या गोळीने मृत्यू : गुन्ह्याचे कलम कोण ठरवते?

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले, सव्वीस जखमी झाले. चार दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. या स्मरणिकेच्या वाचकांना हा इतिहास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र अभिवादन सभांतून दरवर्षी एक प्रश्न उपस्थित होतो आणि दरवर्षी तो घोषणांत विरून जातो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला असताना, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर खुनाचा दोष का लागला नाही?

‘सरकार जातीयवादी होते’ हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. ते खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर उद्याच्या एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडत नाही.

प्रथम आयोगाविषयी. चौकशी आयोग हा १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाखाली शासन नेमते. तो पुरावा ऐकतो, साक्षी घेतो, त्याचे अध्यक्षपदही बहुधा न्यायाधीशाकडे असते. त्यामुळे तो न्यायालयासारखा भासतो, पण न्यायालय नसतो. त्याचा अहवाल ही शिफारस असते. ती स्वीकारणे वा न स्वीकारणे शासनाच्या हाती. इतकेच नव्हे, तर याच अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे एखाद्याने आयोगासमोर दिलेले निवेदन त्याच्याविरुद्धच्या दिवाणी वा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद केवळ खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवून देणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. आयोगाने तो स्वीकारला नाही. तरीही न्यायालयात सरकारी पक्षाला प्रत्येक गोष्ट नव्याने, साक्षीदार उभे करून सिद्ध करावी लागते. मधल्या काळात साक्षीदार वस्ती सोडून जातात, काही मरण पावतात, कोणाला काय पाहिले ते धड आठवत नाही. आयोग नेमला म्हणजे न्यायाची सुरुवात झाली असे मानण्याची आपल्या समाजाला सवय लागली आहे. ती आम्हांला घातक वाटते.

खटल्याचा खरा पाया प्रथम खबर अहवालात, म्हणजे एफआयआरमध्ये असतो. सामान्य खुनात मृताच्या बाजूचा माणूस फिर्याद देतो. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की फिर्यादी बहुधा पोलीसच असतात. जमावाने दंगल केली, शासकीय कामात अडथळा आणला, जीवे मारण्याचा प्रयत्न केला, असे त्या फिर्यादीचे स्वरूप असते. मेलेला माणूस त्या कागदावर आरोपी म्हणून येतो. घटनास्थळाचा पंचनामा त्याच खात्याचा, काडतुसांची मोजदाद त्याच खात्याची, पंच त्याच खात्याने बोलावलेले. संविधानाचे रूप न बदलता केवळ कारभाराचे रूप बदलून संविधान निष्प्रभ करता येते, असा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दिला होता. त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल, तर पोलीस ठाण्यातील असा एखादा पंचनामा वाचावा.

आता कलमाकडे वळू. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये खुनाची व्याख्या आहे आणि तिला पाच अपवाद आहेत. तिसरा अपवाद लोकसेवकासाठी आहे. लोकसेवकाने कायद्याने दिलेल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, पण आपले कृत्य कायदेशीर व कर्तव्यासाठी आवश्यक आहे असे सद्भावनेने मानून ते केले, आणि मृताविषयी त्याच्या मनात दुष्ट भाव नव्हता, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कलम १०१ मध्ये आली असून अपवाद तसाच कायम आहे. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, सांगितले. दंडविधानही अखेर हेतूच शोधते. फरक असा की न्यायालयाला मनात डोकावता येत नाही, त्याला हेतू कागदांतून शोधावा लागतो.

गोळीबारापूर्वी जमावाला पांगण्याचा हुकूम दिला होता काय? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ प्रमाणे आधी हुकूम, तो न मानल्यास बळाचा वापर, असा क्रम आहे. अश्रुधूर वा लाठी अगोदर वापरली काय? गोळ्या कमरेच्या वर लागल्या की खाली, समोरून की पाठीमागून? या प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात आणि शवविच्छेदन अहवालात असतात किंवा कोठेच नसतात. ‘सद्भावना’ या एका शब्दावर खून आणि सदोष मनुष्यवध यांमधली भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीच्या विटा पहिल्या दोन-तीन दिवसांतच रचल्या जातात.

रमाबाई नगर प्रकरणात पोलीस उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने मे २००९ मध्ये, घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी, सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरून जन्मठेप सुनावली. या अपराधाला जन्मठेप कलम ३०४ च्या केवळ पहिल्या भागाखाली देता येते; मृत्यू घडवण्याचा किंवा मृत्यू ओढवेल अशी इजा करण्याचा हेतू असेल, तेव्हाच तो भाग लागू होतो. म्हणजे शिक्षा हलकी नव्हती. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आपल्या वक्त्यांनी निकाल आणि जामीन या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एक सांगून दुसरी झाकू नये.

याच्या शेजारी मुंबईचेच दुसरे प्रकरण ठेवून पाहण्यासारखे आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोव्यात एक चकमक झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. लखनभैया प्रकरण या नावाने ती ओळखली जाते. येथेही पहिला कागद पोलिसांचाच होता. परंतु मृताचा भाऊ वकील होता. भावाला उचलून नेल्याचे कळताच, चकमकीची वेळ येण्यापूर्वीच, त्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा व फॅक्स धाडले होते. त्यांवर तारीख होती, वेळ होती. जो माणूस दुपारीच पकडला गेला, तो रात्री अचानक समोर येऊन गोळीबार कसा करील? येथे सद्भावनेच्या अपवादाला जागाच उरली नाही. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. आणि १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने एका नामांकित अधिकाऱ्याची सुटका रद्द करून त्यालाही जन्मठेप सुनावली. मृताच्या बाजूने एक स्वतंत्र, वेळ नोंदलेला कागद अस्तित्वात होता, या गोष्टीचा त्यात मोठा वाटा आहे. वकील भाऊ प्रत्येक घरात नसतो, हे खरे. पण असा कागद लिहिण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.

पूर्वमंजुरीचा अडथळा याखेरीज आहे. प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ ची ढाल सर्वच पोलिसांना आपोआप मिळत नाही. ज्यांना शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता येत नाही अशांसाठी ती मुळात आहे, मात्र सुव्यवस्था राखणाऱ्या दलांना राज्य शासन अधिसूचनेने ती देऊ शकते. जमाव पांगवताना केलेल्या कृत्यासाठी कलम १३२ वेगळे आहे आणि त्यात हुद्द्याची अट नाही. ज्या शासनाचे पोलीस, त्याच शासनाची मंजुरी! ही कलमे इंग्रजी अमदानीचा वारसा आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे धरण्याची तरतूद आली, हे स्वागतार्ह आहे.

चकमकींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सोळा निर्देश दिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या त्या याचिकेत मुंबईतील १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी व सुमारे १३५ मृत्यूंचा प्रश्न होता. गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने वा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठाच्या देखरेखीखाली करावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, नातेवाइकांना लवकरात लवकर कळवावे, शौर्य संशयातीत सिद्ध होईपर्यंत बढती वा पदक देऊ नये, आणि हे पाळले गेले नाही तर कुटुंबाने सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करावी, असे त्यांत आहे. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु चौकशीतून आपोआप गुन्हा नोंदला जात नाही, हे परभणीने दाखवले. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेल्या एका तरुण विधी विद्यार्थ्याचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे तो कायम राहिला.

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज वकील, तलाठी, परिचारिका, पत्रकार आहेत. काही पोलीस दलातही आहेत. वस्तीत असा प्रसंग ओढवला तर लोक प्रथम त्यांच्याच दारी येतील. ठाण्यात फिर्याद नाकारली तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. फिर्याद नोंदली गेली तर फिर्यादीला तिची प्रत विनामूल्य मिळते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे अशी मागणी त्याच दिवशी लेखी द्यावी. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, आणि तिच्यावर शिक्क्याबरोबर तारीख व वेळही लिहून घ्यावी.