जुन्या घरातील स्वयंपाकघर : दुरुस्ती आणि वाढ

बेळगाव, शहापूर, खानापूर या भागांतील जुन्या घरांत स्वयंपाकघर बहुधा मागील बाजूस, परसाला लागून असते. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मंगळुरी कौले आणि कोपऱ्यात चूल, असा त्याचा घाट. चुलीची जागा आता गॅसने घेतली आहे आणि खोली अपुरी वाटू लागली आहे. परंतु भिंतीला पहार लावण्यापूर्वी तिची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला विचार धुराचा. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे. जाता जाता तो वासे-तुळयांना कोरडे ठेवी व किडीला दूर ठेवी. धुराबरोबर हे रक्षणही गेले. म्हणून तुळयांची भिंतीत गेलेली टोके प्रथम टोचून पाहावीत. खालून छत ठोकून लाकूड झाकल्यास गळती आणि वाळवी दोन्ही नजरेआड होतात. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साचतो. तेव्हा वाफेसाठी वर झरोका हवा, तशीच खालीही हवेला वाट हवी.

दुसरा विचार भिंतीचा. तुळई खांबावर टेकली असेल तर मधली भिंत बहुधा नुसती भर असते. भिंतीवरच टेकली असेल तर छप्पर तीच पेलते. अशा भिंतीत दार पाडताना आधी तुळईला टेकू द्यावा, मग वर भक्कम पाटई बसवावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते व भिंतीचा पाया भुसभुशीत होतो. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा.

तिसरा विचार वाढीचा. छपराचा उतार 30 अंशांचा असेल, तर पाखे पुढे नेताना ते दर फुटामागे सुमारे 7 इंच खाली येते. वळचणीपाशी उंची 8 फूट असल्यास 4 फूट वाढीनंतर ती 5 फूट 8 इंचच उरते. उतार कमी करावा, तर आमच्या भागातील पावसात कौलांखाली पाणी शिरते. यावर उपाय म्हणजे वाढीव भागाची जमीन जोत्यापेक्षा 1 फूट खाली घेणे. उंची 6 फूट 8 इंच मिळते. तेथे मोरी व भांडी घासण्याची जागा करावी, फरशीला परसाकडे उतार द्यावा आणि ओटा मूळ खोलीतच ठेवावा.

ओट्याची उंची किती? उभे राहून काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या 3-4 इंच खाली. येथेच मुख्य प्रश्न येतो. गवंडी कर्त्या पुरुषाशी बोलतो. दिवसाचे कित्येक तास तेथे उभी राहते ती घरातील स्त्री. मापे तिची घ्यावीत. पाणी, ओटा आणि फडताळ यांमधील तिच्या येरझारा दोन दिवस मोजाव्यात. एखादे वेळी मोरी जवळ आणल्यानेच काम भागेल आणि भिंत पाडण्याचा खर्च वाचेल. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या घरी हा हिशेब अवश्य करून पाहावा.