आगीचा पंप : दर आठवड्याला चालवा, तरच वेळेला चालेल



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय कारखान्याच्या आवारातला आहे, पण पैसा आपलाच आहे. एक टन ऊस गाळला की सुमारे पावणेतीन ते तीन क्विंटल बगॅस निघते. तिचा ढीग आतून तापतो आणि एका ठिणगीने पेटतो. अशी आग पसरली तर गाळप थांबते आणि तोडीला आलेला ऊस शेतात वाळतो.

आपल्या जिल्ह्याने आगीचे दुःख पाहिले आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. रुग्णालय असो की कारखाना, आग लागल्यावर यंत्रणा दुरुस्त करायला सवड मिळत नाही.

विहिरीवरचे इंजिन चार महिने बंद ठेवले तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. फूटव्हॉल्व्हमधून पाणी उतरते, ग्लँडची दोरी सुकते, बॅटरी बसते. आगीचा पंप तर वर्षभर बसूनच असतो. म्हणून त्याला मुद्दाम चालवावे लागते.

बहुतेक ठिकाणी तीन पंप असतात. छोटा जॉकी पंप नळातला दाब टिकवतो. दाब एकदम घसरला की विजेचा मुख्य पंप आपोआप सुरू होतो. तो चालला नाही तर डिझेल पंप सुरू व्हावा लागतो. आगीत पहिल्यांदा वीज तुटते किंवा तोडावी लागते, म्हणून खरी भिस्त डिझेल पंपावर.

तपासणी अशी असावी :

१) डिझेल पंप आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावा. बटण न दाबता नळातला दाब कमी करून तो आपोआप सुरू होतो का, हे पाहावे.

२) डिझेल टाकी, बॅटरी, ऑइल आणि इंजिनाचे पाणी पाहावे. ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडत राहावेत. कोरडी ग्लँड जळते.

३) व्हॉल्व्ह उघडे आहेत ना, हौदात पुरेसे पाणी आहे ना, हे पाहावे. आगीचे पाणी दुसऱ्या कामाला वापरू नये.

४) वर्षातून एकदा पूर्ण पाणी सोडून चाचणी घ्यावी. पाटीवरील आकड्याच्या दीडपट पाणी काढले तरी दाब ६५ टक्क्यांखाली जाता कामा नये.

५) चाचणी झाल्यावर स्विच पुन्हा ‘ऑटो’वर ठेवावा आणि तारीख, दाब, सही वहीत नोंदवावी. दाब दर महिन्याला थोडाथोडा उतरत असेल तर वहीच आधी सांगते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. जुलैत कारखाना बंद असतो, दुरुस्तीला तीच वेळ सोयीची. जानेवारीत गाळप भरात असते, तेव्हा टाळाटाळ होऊ देऊ नये. पण दाखला सहा महिन्यांनी येतो, बॅटरी आठ दिवसांतही बसू शकते. म्हणून साप्ताहिक वहीला पर्याय नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण उसाचा भाव आणि साखरेचा उतारा विचारता. यंदा आणखी एक प्रश्न विचारा : आगीचा पंप शेवटचा कधी चालवला? उत्तर वहीत लिहिलेले असले पाहिजे.

– ऊस विकास अधिकारी