भय, स्वभाव आणि सत्ता

भीती वाटणे हा ईमानचा दोष आहे असे आपण उगाच समजतो. जादूगारांच्या दोऱ्या व काठ्या सापांप्रमाणे धावताना भासल्या, तेव्हा खुद्द हजरत मूसा (अ.) यांच्या अंतःकरणातही भय दाटून आले, हे पवित्र कुरआनच्या सूरह ताहामध्ये नमूद आहे. भय मनुष्याच्या प्रकृतीतच आहे. सत्ता त्याचा उपयोग कसा करते, हे पाहण्याजोगे आहे.

इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने १६५१ साली, यादवी युद्धाच्या छायेत, असे मांडले की मृत्यूच्या भयानेच माणसे आपले अधिकार सार्वभौम सत्तेच्या हवाली करतात. त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी, १३७७ मध्ये, इब्ने खल्दून (रह.) यांनी आजच्या अल्जीरियातील एका किल्ल्यात ‘मुकद्दिमा’ लिहिला. दरबारी कारस्थाने आणि फेझ शहरातील तुरुंगवास त्यांनी स्वतः भोगला होता. मनुष्यात आक्रमकता आहे आणि तिला आवर घालणारी सत्ता हवी, हे त्यांनाही मान्य होते. मात्र राज्यकर्ता कठोर होऊन प्रजेचे दोष हुडकत राहिला, तर प्रजा असत्य व कपटाचा आश्रय घेते, पुढे तोच तिचा स्वभाव बनतो आणि ऐन लढाईत ती त्याला सोडून देते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

हाच नियम त्यांनी मुलांनाही लावला. मार चुकविण्यासाठी मूल प्रथम खोटे बोलते आणि मग खोटे त्याच्या अंगवळणी पडते. (छडीला शिस्त म्हणणाऱ्या पालकांनी हे प्रकरण जरूर वाचावे.) सहाबा (रजि.) यांनीही आज्ञापालन केलेच, परंतु ते श्रद्धेतून, अंतर्यामीच्या प्रेरणेने होते, म्हणून त्यांचे धैर्य खचले नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

आता त्या जादूगारांकडे पुन्हा पाहा. जिंकलो तर मोबदला मिळेल ना, असे विचारीत ते मैदानात उतरले होते. फिरऔनने दरबारातील जवळीकही देऊ केली होती. सत्य उमगताच ते सजद्यात गेले. त्याने उलटसुलट हातपाय तोडण्याची व खजुरीच्या खोडांवर सुळी देण्याची धमकी दिली. त्यांचे उत्तर एवढेच होते की, तुला जो निर्णय करायचा तो कर. तुझा अंमल या ऐहिक जीवनापुरताच आहे.