फुलणाऱ्या मांसल वनस्पती आणि घरातील मुकी जनावरे

शहरांतील सदनिकांत, आणि अलीकडे खेड्यांतील घरांच्या सोप्यावरही, जाड रसाळ पानांच्या फुलझाडांच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. चार-आठ दिवस पाणी घालावयाचे राहिले तरी ही झाडे तग धरतात व जागाही थोडी अडवितात. रोपवाटिकेत त्यांची निवड बहुधा फुलांचा रंग आणि किंमत पाहूनच होते. घरात मांजर वा कुत्रे, विशेषतः त्यांचे पिल्लू असेल, तर आणखी एक विचार करणे अगत्याचे आहे. हे झाड त्याने चघळले तर काय होईल?

थंडीच्या दिवसांत रोपवाटिकेत प्रथम नजरेत भरते ते कलांचो. मूळचे मादागास्कर बेटावरील हे झाड १९३२ च्या सुमारास जर्मनीमार्गे बाजारात आले. आपल्याकडील पानफुटी ही त्याचीच जवळची नातलग होय. कलांचोच्या लाल, पिवळ्या, केशरी फुलांचे झुबके कित्येक आठवडे टिकतात. परंतु त्याच्या सर्व भागांत, आणि फुलांत अधिकच, हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. थोडे चावले गेले तर लाळ गळते, उलट्या व जुलाब होतात. अधिक खाल्ल्यास नाडी अनियमित होऊन जनावर कोसळू शकते. याच वर्गातील एक वनस्पती ऑस्ट्रेलियात तण म्हणून माजली असून १९९७ साली तेथील मोरी गावाजवळ ती खाऊन १२५ गुरे दगावली. तेव्हा कलांचोची छाटणी केल्यावर फांद्या गोठ्याच्या बाजूस टाकणे हा निष्काळजीपणाच ठरेल.

फुगीर बुंध्याचे, गुलाबी फुलांचे अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातील. कण्हेर गुरांना घातक, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. आफ्रिकेत अडेनियमचा चीक बाणांच्या विषासाठी वापरीत असत. तांबड्या फुलांच्या काटेरी युफोर्बियाचा पांढरा चीक तोंडास व डोळ्यांस दाह करतो.

कोरफडीविषयी मात्र सर्वत्र गैरसमज आहे. माणसाला औषधी, म्हणून जनावरालाही निर्धोक, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः पानाच्या सालीखालील पिवळ्या कडू रसाने कुत्र्या-मांजरांना उलट्या व जुलाब होऊन मोठी ग्लानी येते.

मग लावावे काय? अशा घरास सर्वांत योग्य म्हणजे नाताळच्या सुमारास फुलणारा ख्रिसमस कॅक्टस. ज्या ब्राझीलमधून काजू आणि अननस आपल्याकडे आले, त्याच देशातील डोंगरी जंगलांचा हा रहिवासी. कुत्र्या-मांजरांना तो विषारी नाही. फार खाल्ल्यास पोट बिघडेल, इतकेच. मूळ स्थानी तो झाडांच्या बेचक्यांत, सावलीत वाढतो. त्यामुळे इतर निवडुंगांप्रमाणे त्यास रखरखीत उन्हात ठेवू नये. पालापाचोळ्याचे खत घातलेली भुसभुशीत माती आणि वरची माती सुकताच थोडे पाणी त्यास मानवते. कळ्या धरण्यासाठी रात्र मोठी व गार लागते. ऑक्टोबरपासून सुमारे सहा आठवडे संध्याकाळनंतर त्यावर दिव्याचा उजेड पडू देऊ नये. दिवा लावलेल्या दिवाणखान्यात तो फुलला नाही तर दोष झाडाचा नव्हे. बेळगावसारख्या गार हवेच्या गावी तो किनाऱ्यापेक्षा सहज फुलतो. कळ्या दिसल्यावर कुंडीची जागा बदलू नये, अन्यथा त्या गळतात. गुलाबाच्या फुलासारखी पाने रचलेली एचेव्हेरिया हीदेखील निर्धोक आहे. पण कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात ती कुजते, म्हणून छपराखालीच ठेवावी.

कलांचो घरात आधीच असेल तर ते टांगून ठेवून भागत नाही, कारण मांजर उडी मारते आणि फुले खाली गळतात. ज्या घरी जनावरे नाहीत तेथे ते देऊन टाकणे बरे. मांजरास हिरवे चघळण्याची ओढ असतेच. त्यासाठी घट बसविताना पेरतात तसे गहू परडीत पेरून कोवळे अंकुर त्याच्यापुढे ठेवावेत.

जनावराने विषारी झाड खाल्ल्याचा संशय येताच, उलटी होण्याची वाट न पाहता, त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे व सोबत त्या झाडाची फांदी घ्यावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने अपाय वाढतो.